तीळ कुठल्या गालावर

चित्रकलेच्या वर्गात मी आपल्या मर्जीने गेलो असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. मला दुकानातून हाकललं होतं, आणि हाकलणारी माझी सख्खी मुलगी. अडतीस वर्षं ज्या टेबलावर मी कापड बेतलं, त्या टेबलाला टेकून उभं राहायचीही मला बंदी झाली. कारण काय, तर तिच्या गिऱ्हाइकासमोर मी म्हणालो की हा खिसा एक बोटभर वर हवा होता. हवाच होता. आजही म्हणेन.

"बाबा, तू काहीतरी शीक," ती म्हणाली. "काहीही. फक्त इथे नको." घरी गेलो तर बायको म्हणाली, "इथेही नको. माझ्या डोक्याला आधीच ताप काय कमी आहे?" मग दोघींनी परस्पर वाचनालयाच्या माडीवरच्या चित्रवर्गात माझं नाव घातलं. मंगळवार आणि शुक्रवार, दुपारी तीन ते पाच. नाव घालून आल्यावर मला कळवण्यात आलं.

माडीवर एक लांबट खोली होती. तीन मोठ्या खिडक्या, टर्पेंटाइनचा वास, आणि पाय किंचित हलणारी स्टुलं. शिकवणाऱ्या बाई माझ्या मुलीच्या वयाच्या. ब्रश अंबाड्यात खोचायचा आणि मग दिवसभर तोच शोधायचा, ही त्यांची पद्धत. वर्गात दातांचे डॉक्टर होते, शाळेतून निवृत्त झालेल्या हेडबाई होत्या आणि आणखी दोघंतिघं, जे एकदा आले की तीनदा दांडी मारायचे. सगळ्यांची मापं मला पाठ. डॉक्टरांची छाती चव्वेचाळीस, हेडबाईंची उजवी बाही डावीपेक्षा पाव इंच लांब. बाईंच्या अंगातला एप्रनही माझ्याच हातचा. त्यामुळे मला नवखं वाटायचं काही कारण नव्हतं, आणि वर्गात मला सगळे 'मास्तर' म्हणायचे, जसे दुकानात म्हणायचे.

पहिल्याच दिवशी बाईंनी नियम सांगितला. वर्षाच्या शेवटी खाली वाचनालयाच्या हॉलमध्ये प्रदर्शन. प्रत्येकाचं एकच चित्र, आणि खाली सही करायची नाही. बघायला येणाऱ्याने चिठ्ठीवर लिहायचं, हे चित्र कोणाचं. ओळखू आलं तर शैली आली असं समजायचं.

"शैली म्हणजे नेमकं काय?" मी विचारलं.

"तुम्ही शिवलेला कोट तुम्ही ओळखाल की नाही?"

"डोळे मिटून. नुसता हात फिरवून."

"तेच," बाई म्हणाल्या.

इतकं सोपं असेल तर दोन महिन्यांत उरकू, असं मला वाटलं. मला फाजील आत्मविश्वास आहे असं बायको म्हणते. तिचं सगळंच खोटं असतं असं नाही.

डॉक्टर ब्रश वापरायचे नाहीत. ते छोट्या पात्याने रंग असा थापायचे की दाढेत सिमेंटच भरताहेत. लोक वाहवा करायचे. म्हणून मीही पातं घेतलं आणि एक सफरचंद थापलं. घरी आणलं तर बायको चष्मा लावून म्हणाली, "हे पडलं होतं का कुठून?" मग मी हेडबाईंच्या मागे लागलो. त्या सगळं निळं रंगवायच्या. झाड निळं, मांजर निळं, चहाची किटली निळी. मी एक निळा माणूस काढला. बायकोने बराच वेळ बघितला आणि काळजीने विचारलं, "याला बरं नाही का?"

तिसऱ्या महिन्यात बाई माझ्यामागे येऊन उभ्या राहिल्या. "मास्तर," त्या म्हणाल्या, "आधी तुम्ही डॉक्टर होतात, मग हेडबाई झालात. तुम्ही स्वतः वर्गात कधी येणार?"

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी ब्रश धुवायला निघून गेलो.

त्यानंतर बाईंनी समोर माणूस बसवून चित्र काढायचं ठरवलं. माणूस म्हणून आपला पोस्टमन. वीस वर्षं मी त्याचे गणवेश शिवले. तो येऊन खुर्चीवर बसला आणि मी काय करावं? उठलो आणि थेट त्याच्या पाठीमागे जाऊन उभा राहिलो. मी मागे आलेला बघताच त्या शहाण्याने दोन्ही हात आडवे पसरले. बाई म्हणाल्या, "हात खाली. आणि मास्तर, तुम्ही पुढे या." सगळा वर्ग हसला. सवय आहे, त्याला मी काय करणार? शिंपी गिऱ्हाइकाच्या मागेच उभा असतो.

पुढे बसलो तर मला लाज वाटायला लागली. एवढ्या जवळून माणसाच्या डोळ्यांत बघत बसायचं म्हणजे भांडण उकरून काढल्यासारखंच. अर्ध्या तासाने पोस्टमनला दुपारच्या टपालासाठी जावं लागलं. तोवर माझ्या चित्रात त्याची मान आणि खांदे झाले होते. चेहऱ्याच्या जागी नुसती कोरी जागा. बाई म्हणाल्या, राहिलेलं घरी आठवून करा.

आणि घरी, काय सांगू, तो चेहरा आपोआप आला. नाक, मिशी, केसांचा भांग, लहानपणी सायकलवरून पडून भुवईत पडलेली ती खाच. हात थांबतच नव्हता. ना पातं लागलं ना निळा रंग. शुक्रवारी छाती काढून चित्र वर्गात नेलं.

"मास्तर, मस्तच," डॉक्टर म्हणाले. "फक्त खाच दुसऱ्या भुवईला आहे."

"आणि भांगसुद्धा दुसऱ्या बाजूला," हेडबाई म्हणाल्या. हेडबाई सत्तरीच्या आहेत, पण तपासायची सवय गेलेली नाही.

तेवढ्यात पोस्टमन खाली वाचनालयाचं टपाल द्यायला आला होता तो वर चढला. चित्रासमोर उभा राहिला आणि त्याचं तोंड फुललं. "मीच की," तो म्हणाला. "अगदी मी."

"तुमची खाच कुठल्या भुवईला आहे?" हेडबाईंनी विचारलं.

त्याने डावा हात उचलून डाव्या भुवईला लावला, मग चित्राकडे बघितलं, मग परत भुवई चाचपली. "अरे हो," तो म्हणाला. "चित्रात उजवीला झाली. पण तरी मला बरोबर वाटतोय मी." सगळे हसले. तोही हसला. मी हसलो नाही. माझ्या मापात चूक निघाली की मला जेवण जात नाही. तिथल्या तिथे भुवई सरळ केली, खाच उचलून दुसरीकडे बसवली, भांग फिरवला. पुढच्या वेळी पोस्टमन आला, चित्र बघितलं आणि म्हणाला, "आता माझा धाकटा भाऊ वाटतोय." आधी म्हणाला होता की घरी लावायला नेईन. मग तो विषय त्याने काढलाच नाही.

ही कथा मी घरी सांगितली तेव्हा बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. पोस्टमनचा भाऊ ऐकून ती हसेल असं वाटलं होतं. ती हसली नाही. घडी घालता घालता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "माझं एक काढाल?"

माझी बायको आणि फोटो यांचं जन्माचं वैर आहे. आमच्या नात्यातल्या कुठल्याही लग्नाचा अल्बम काढा, ही कोणाच्या तरी खांद्यामागे अर्धी सापडेल. म्हणते, "फोटोत माझ्या जागी कोणीतरी परकी बाई येऊन बसते." आम्ही आजवर ते नखरे समजलो. त्या दिवशी मात्र ती म्हणाली, "साठी उलटली माझी. ही मी, असं म्हणावं असं एक चित्र नाही या घरात. उद्या नातवंडं झाली तर त्यांना काय दाखवाल, कोणाचा तरी खांदा? एकच काढा, पण त्यात मी असले पाहिजे."

या बाईने छत्तीस वर्षांत माझ्याकडे पाय पुसून घरात या, याखेरीज काही मागितलेलं नाही. शैली गेली खड्ड्यात, असं मी मनाशी म्हटलं. आता ही चित्रात आली पाहिजे, बस्स. आणि फाजील आत्मविश्वासाने वर्गात जाहीरही करून टाकलं की प्रदर्शनात माझ्या बायकोचं चित्र असेल.

घोडं पेंड खायला लागलं ते तिला समोर बसवताना. पहिल्या दिवशी ती दहा मिनिटं बसली. मी बघायला लागलो की ती लाल व्हायची, मग चिडायची, मग तिला हसू फुटायचं. "असं काय टक लावून बघता? मेलं, लाज वाटते," असं म्हणून ती दूध बघायला स्वयंपाकघरात गेली. दूध दिवसभरात तापवलेलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती बसलीच नाही. म्हणाली, "छत्तीस वर्षं बघताय. आठवून काढा."

मग मी आठवायला बसलो. आठवलं ते पहिल्यापासून. मी तेव्हा चोवीस-पंचवीसचा. ती थोरल्या बहिणीबरोबर कोट शिवून घ्यायला आली होती. ट्रायलच्या दिवशी आरशासमोर उभी राहिली आणि मी मागे, तोंडात टाचण्या. तिचा डावा खांदा अर्धा इंच खाली. मी तो काही न बोलता आतून पॅड घालून सारखा केला होता. गिऱ्हाइकाच्या अंगाची गोष्ट शिंपी तोंडाने बोलत नाही. तिने आरशात खांदा बघितला, मग मला बघितलं. तिला कळलं होतं. ती काही बोलली नाही आणि मला बोलता येत नव्हतं, टाचण्या होत्या. नंतर तिचा एकही कपडा दुसऱ्या कोणी शिवला नाही. आधी दुकानात, मग घरी कपाटाच्या आरशासमोर, तीच ट्रायल, तोच खांदा, मागे मी.

रंग मी पातळ घेतले. कापडावर खडूने आखतो तशा आधी बारीक रेघा मारल्या आणि धावदोऱ्यासारखे छोटे छोटे फटकारे देत आत आत गेलो. कोणाची नक्कल करायला वेळच नव्हता. केस, कानामागे न राहणारी ती एक बट, गालावरचा तीळ, हसू दाबताना जरा वर जाणारा ओठाचा कोपरा, त्यात दिसणारा किंचित पुढे आलेला दात. तीन आठवड्यांनी चित्र माझ्याकडे बघायला लागलं. मला इतका आनंद झाला की मी एकट्याने शिट्टी वाजवली. बायकोला दाखवलं नाही. अस्तराच्या कापडात गुंडाळून थेट प्रदर्शनात नेलं.

रविवारी सकाळी दहाला हॉल उघडला. मुलगी सगळ्यांच्या आधी आली. चित्रापुढे उभी राहून म्हणाली, "बाबा, काय सुंदर झालंय." माझा जीव भांड्यात पडला. तो तिथे फार वेळ राहिला नाही.

"बाबा," ती हळूच म्हणाली. "तीळ."

"काय तीळ?"

"आईचा तीळ डाव्या गालावर आहे."

मी बघितलं. चित्रातल्या बाईचा तीळ उजव्या गालावर होता.

"भांगही उलटा," मागून हेडबाई म्हणाल्या. त्या मागे उभ्या आहेत हे मला माहीत नव्हतं. डॉक्टर पुढे वाकले, नीट निरखलं आणि चोरट्या आवाजात म्हणाले, "मास्तर, तो दातही डावीकडचा आहे हो. मीच भरलाय तो."

मला तिथेच जमीन दुभंगून आत घेईल तर बरं असं झालं. पोस्टमनची भुवई चुकली तर समजू शकतो. पण ज्या बाईबरोबर छत्तीस वर्षं एका घरात काढली, तिचा तीळ मला ठाऊक नाही? खरं सांगायचं तर जेवताना माझी मान ताटात असते आणि ती बोलत असते तेव्हा मी वर्तमानपत्राच्या आड असतो. तिने आयुष्यात एक गोष्ट मागितली आणि मी तिला परकी बाई करून ठेवली. फोटोवाल्याने केलं तेच. निदान फोटोवाला तिचा नवरा तरी नव्हता.

मी बाईंच्या अंबाड्यातला ब्रश ओढून काढला. "पाच मिनिटं द्या, तीळ हलवतो."

"मास्तर, हात लावू नका," बाईंनी माझं मनगट धरलं. "घाईत चिखल होईल. आणि एक तीळ हलवून काय होणार, अख्खा चेहराच फिरवावा लागेल."

आम्ही अशी ओढाताण करत असताना दारात बायको उभी राहिली. अंगात मी शिवलेला तपकिरी कोट. मला बघून ती आधी हसली, मग माझ्या हातातला ब्रश आणि मुलीचा पडलेला चेहरा बघून तिचं हसू गेलं.

"अगं, चुकलंय," मी तिच्याकडे जात म्हणालो. "बघू नकोस. तीळ चुकलाय, दात चुकलाय, सगळंच उलटं झालंय. मी दुसरं काढतो."

तिने मला हाताने बाजूला केलं आणि चित्रापुढे जाऊन उभी राहिली. मी तिच्या मागे उभा राहिलो, कारण पुढे जायचं तोंड नव्हतं.

आणि मग तिने डावा हात वर नेला, कानापुढे आलेली बट अलगद मागे सारली, कोटाची कॉलर चिमटीने सरळ केली आणि मान किंचित तिरकी करून बघितलं. रोज बाहेर पडताना कपाटासमोर करते तसंच. चित्राकडे बघत. आपण काय करतोय हे लक्षात आल्यावर तिचा हात कॉलरवरच थांबला.

"अगबाई," ती पुटपुटली. "ही तर मीच."

"पण आई, तीळ," मुलगी म्हणाली.

"तुम्हाला चुकीचा दिसत असेल. मी रोज सकाळी उठून हाच तीळ बघते, या इथेच." तिने बोट चित्रावर नेलं, टेकवलं नाही. "फोटोतली ती बाई तीळ घेऊन भलतीकडेच बसलेली असते."

बाई एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होत्या. "मास्तर," त्यांनी विचारलं, "गिऱ्हाइकाचा चेहरा तुम्ही नीट कधी बघता?"

"ट्रायलला."

"कुठून?"

"कुठून म्हणजे? मागे उभं राहून, आरशात," मी म्हणालो, आणि माझं मलाच ऐकू आलं. मी मिळेल त्या स्टुलावर बसलो. ते नेमकं पाय हलणारं निघालं. अडतीस वर्षं. अख्ख्या गावाचे चेहरे मी आरशातून पाठ केले होते. पोस्टमनला पोस्टमन दिसतो तसा. तिला ती दिसते तशी.

बाई हसायला लागल्या. चेष्टेने नव्हे, डोळे पुसत हसत होत्या. "इतके महिने मी तुम्हाला विचारतेय, तुम्ही वर्गात कधी येणार. तुम्ही पोस्टमनच्या वेळीच आला होतात. आम्हीच तुम्हाला हसून घालवलं."

"म्हणजे माझी भुवई बरोबर होती," गर्दीतून पोस्टमन म्हणाला. "ती परत करा आधी. मग मी चित्र घरी नेतो." त्याला मी मंगळवारचा वायदा दिला.

दुपारी बाईंनी चिठ्ठ्या उघडल्या. डॉक्टरांना सगळ्यांनी ओळखलं होतं, हेडबाईंनाही. माझ्या चित्रासाठी बऱ्याच जणांनी भलत्यांचीच नावं लिहिली होती. पण एक चिठ्ठी सुवाच्य, वळणदार अक्षरातली होती: 'मास्तर. दुसरं कोण बायकोचा तीळ चुकवणार.' हेडबाईंनी ती चित्र बघितल्या बघितल्या, अकराच्या आत टाकली होती. बाई म्हणाल्या, एका माणसाने ओळखलं तरी ओळखलंच, शैली आली.

संध्याकाळी चित्र घरी आणलं. बायकोने ते कुठे लावावं यावर मी चार जागा सुचवल्या, तिने चारही नाकारल्या आणि आपल्या कपाटाशेजारीच खिळा ठोकायला लावला. चित्र सरळ आहे का बघायला ती समोर उभी राहिली आणि मी सवयीने तिच्या मागे.

"पुढे या," ती म्हणाली.

"का? दिसतंय की इथून."

"चित्र नव्हे. मला बघा. छत्तीस वर्षं मागेच उभे आहात. जरा पुढून बघा की."

मी पुढे आलो. भिंतीला पाठ लावून उभा राहिलो, आणि हातांचं काय करावं कळेना, कारण हातात टेप नव्हता. तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं. लाल झाली, पण या वेळी दूध बघायला गेली नाही. तीळ डाव्या गालावर होता. भांग भलत्याच बाजूला. दात डॉक्टर म्हणाले तिथेच. मला सगळंच नवं वाटत होतं, आणि या वयात छातीत धडधडत होतं हे कबूल करायला मला लाज वाटत नाही.

"कशी दिसते?" तिने विचारलं.

"उलटी," मी खरं सांगितलं.

"होईल सवय," ती म्हणाली.